विश्लेषण : ‘एकदम ओक्के’ हे कौतुक की टोमणा? राजकीय उपरोध कळतो कसा?

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात (ता. कर्जत) खड्ड्यात आपटलेली दुचाकी सावरत कुणी ‘काय रस्ता, एकदम ओक्के’ म्हणाला, तर ते कौतुक नाही हे टपरीवर कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. शब्द मात्र सगळे कौतुकाचेच. मग अर्थ उलटतो कुठे?

मूळ शब्द कुणाचे?

जून २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडावेळी सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीतून कार्यकर्त्याशी झालेले फोनवरचे बोलणे व्हायरल झाले. झाडी, डोंगर, हॉटेलचे ते कौतुक सरळ होते, त्यात उपरोध नव्हता. ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली, ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’. पैशांचा तो आरोप शिंदे गटाने फेटाळला. पण ‘ओक्के’ला चिकटलेला सूर गेला नाही.

भाषाशास्त्र काय सांगते?

बोलणारा खरे बोलतो, हा संकेत उघडपणे मोडला की ऐकणारा दुसरा अर्थ शोधतो, असे पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये मांडले. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन १९८१ मध्ये पुढे गेले. त्यांच्या मते उपरोध म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याचा प्रतिध्वनी, त्यापासून अंतर राखून काढलेला. ‘ओक्के’ला हेच जास्त लागू पडते. मूळ बोल माहीत नसेल, तर घोषणेतली निम्मी गंमत हरवते.

मराठीत तर या प्रतिध्वनीसाठी तयार शब्दच आहे, ‘म्हणे’. ‘विकास झाला’ ही बातमी. ‘विकास झाला म्हणे’ हा बहुतेकदा टोमणा. नको तिथे आदर दाखवणे हीदेखील खूणच : ‘आले मोठे विकासपुरुष!’ स्तुतीच्या आडून निंदा करण्याला संस्कृत अलंकारशास्त्रात व्याजस्तुती, तर अर्थ पालटणाऱ्या आवाजाच्या हेलाला काकू म्हणतात.

मग अडचण कुठे?

व्हॉट्सअॅपवर हा हेल पोहोचत नाही. निव्वळ शब्द मोजणारे सॉफ्टवेअर ‘ओक्के’ला कौतुकात जमा करते. पोलिसांपुढे प्रश्न उलटा असतो : टीकेला गुन्हा मानायचे का? २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली मुंबईत अटक झाली. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडवी टीकाही राजद्रोह ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत २०१५ उजाडले.