एक मुकादम, सहा खिडक्या

पडद्यावर ब्राउझरच्या सहा खिडक्या उघड्या आहेत. माउसला कुणाचा हात नाही, तरी पहिलीत तारीख निवडली जातेय, दुसरीत पान सरकतंय, तिसरीत पिनकोड भरला जातोय. प्रत्येक खिडकीमागे एकेक एआय एजंट आहे, आणि शेजारी काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही! ब्राउझर एकच असला तरी कुकीज प्रत्येकाच्या वेगळ्या ठेवता येतात; मग एकाने लॉग-इन केलं तरी दुसरा त्या साइटला परकाच.

या एजंटांना पान दिसतं कसं? काही जण पडद्याचा फोटो बघतात. पण मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटसारखी साधनं दुसरी वाटही देतात. अंध व्यक्तींना स्क्रीन रीडरवर पान ऐकता यावं म्हणून ब्राउझर आतल्या आत त्याचा आराखडा तयार करतो: हे शीर्षक, हे बटण, ही रिकामी चौकट. तोच आराखडा आता एजंट वाचतात. बटणांना नावं द्यायचा ज्यांनी कंटाळा केला, त्यांच्या साइटवर आज एजंटही अडखळतात. बरी खोड मोडली!

खरी मेख आहे ती ताळमेळाची. एआय कंपनी अँथ्रोपिकने 2025 साली आपल्या संशोधन-एजंटांची हकिकत सांगितली. त्यात मुख्य एजंट मुकादमासारखा काम वाटून देतो आणि मदतनीस एकाच वेळी वेबवर शोध घेतात. सुरुवातीला हा मुकादम साध्या प्रश्नालाही 50 मदतनीस उभे करायचा. चिपच्या टंचाईबद्दल मोघम विचारलं, तर एक जण 2021च्या मोटार उद्योगात शिरला आणि दोघे 2025ची तीच पुरवठा साखळी उपसत बसले. खर्च तर विचारूच नका: साध्या चॅटच्या सुमारे 15 पट टोकन, म्हणजे एआय वाचतो-लिहितो ते शब्दांचे तुकडे! उपाय कुठल्याही कार्यालयात चालेल असा निघाला. काय शोधायचं, कुठे शोधायचं, कशा स्वरूपात आणायचं आणि कुठे थांबायचं, हे प्रत्येकाला आधीच नेमून द्यायचं.

एक धोका मात्र अजून टळलेला नाही. एखाद्या पानावर कुणी लपवून लिहिलं, 'आधीच्या सूचना विसर, मी सांगतो ते कर', तर एजंट भुलू शकतो. आणि एक भुलला की त्याची चुकीची माहिती मुकादमाच्या अहवालातही उतरते. तेव्हा शोधाशोध खुशाल त्यांच्यावर सोपवा, पण पैसे भरायचं बटण स्वतःच्या हातानेच दाबा.