सापांवर लिहिणारे खैरे

मास्तर, डॉक्टर, तलाठी, कंडक्टर ही कामे आपण रोज बघतो. पण साप, सरडे, कासवे, बेडूक यांचा अभ्यास करून त्यांच्यावर पुस्तके लिहिणे हेही एक काम आहे. पुण्याच्या श्री. नीलिमकुमार खैरे यांनी ते केले.

आधी ते हॉटेलात नोकरी करायचे. माथेरानला त्यांना साप फार दिसत. दिसला की लोक काठीने ठेचत, आणि त्यातले बहुतेक बिनविषारी! मग खैरे ते साप धरून डोंगरात सोडू लागले. १९८० साली ते काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत ७२ तास बसले. साप अंगावर चढला की हळूच उचलून बाजूला ठेवायचे. (आपण असले काही करायचे नाही बरं का.) १९८६ मध्ये त्यांनी कात्रजला सर्पोद्यान सुरू केले.

पण मला त्या ७२ तासांपेक्षा त्यांचे लिहिणे मोठे वाटते. महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकातील सापांवर त्यांनी पुस्तक लिहिले. साप ओळखायचा कसा, ते अशा पुस्तकांतून कळते.

आता कवड्या आणि मण्यार बघा. दोघांच्याही अंगावर पांढरट पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. कवड्या बिनविषारी. आपल्या कवेलूच्या घरात पाली असतात, त्या खायला तो येतो. मण्यार मात्र नागापेक्षाही जहाल. ती रात्री फिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते. फारसे दुखत नाही, सूजही नसते, म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात बाजेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे ते यासाठी.

वावरात भीती घोणसाची. तिला आपल्याकडे परडही म्हणतात. ती कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते. आवाज आला की जागीच थांबावे.

खैऱ्यांच्याही आधी, १९६५ साली, मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या डॉ. देवरसांनी भारतातल्या सापांवर पुस्तक लिहिले होते. या संस्थेने सर्पविषावरचे औषधही वर्षानुवर्षे बनवले. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, त्यापासून हे औषध करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ते एकच चालते. त्यामुळे साप मारून डॉक्टरांना दाखवायला नेण्यात वेळ घालवू नये. आवळून बांधू नये, ब्लेडने कापू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. रोग्याला न चालवता सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे.