उतारावरचे ओझे

नवले पुलाजवळ अपघात झाला, की दोन-चार दिवस हळहळ व्यक्त होते, चालकावर गुन्हा दाखल होतो, अधिकारी पाहणी करून जातात आणि सारे पूर्ववत सुरू राहते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील या पुलाजवळ एका मालमोटारीने अनेक वाहनांना तडाखा दिला. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात दोन अवजड वाहनांमध्ये एक मोटार चिरडली गेली, आगीचा भडका उडाला आणि या दुर्घटनेत आठ जणांचा बळी गेला. एकाच ठिकाणी पुनःपुन्हा घडणाऱ्या घटनेस दैवयोग कसे म्हणावे?

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून हा महामार्ग उतरत येतो तो थेट शहराच्या गर्दीत. तीस टनांची मालमोटार आणि एक टनाची मोटार एकाच वेगाने धावत असली, तरी पहिलीच्या अंगी तीसपट ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला, की ती चौपट होते. ही ऊर्जा ब्रेकनाच उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. उतारभर ब्रेक दाबून ठेवले, की ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. म्हणूनच उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. २०२२ च्या अपघातात चालकाने इंधन वाचवण्यासाठी इंजिनच बंद केले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. इंजिन थांबले, की ब्रेकला हवेचा दाब पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि प्रत्येक ब्रेकगणिक साठलेला दाब उतरत जातो. चार पैशांच्या डिझेलची किंमत अशी मोजावी लागते.

दोष चालकाचा आहेच. पण केवळ त्याचा नाही. मोटार वाहतूक कामगारांस दिवसाला आठ तासांहून अधिक काम देऊ नये, असे १९६१ चा कायदा सांगत होता. खेपेच्या हिशेबाने पैसे मिळवणाऱ्या चालकाचे तास मोजणार कोण? क्षमतेपेक्षा अधिक माल भरणारा आणि वेळेचा तगादा लावणारा मालक मात्र आरोपींच्या पंक्तीत क्वचितच दिसतो.

शहराबाहेरून जाणारा वर्तुळाकार मार्ग होईल तेव्हा होवो. तोवर उताराच्या माथ्यावर प्रत्येक अवजड वाहन सक्तीने थांबवून ब्रेक तपासावेत, त्यांच्या वेगावर कडक मर्यादा घालावी, स्थानिक वाहनांना सलग सेवारस्ता द्यावा. मोटारचालकांनीही मालमोटारीपुढे अचानक घुसण्याचा मोह आवरावा. ती जागच्या जागी थांबू शकत नाही. ओझ्याला दयामाया नसते. ती रस्ता आखणाऱ्यांनी दाखवायची असते.