मायग्रेनच्या गोळीने मुंग्या, सुस्ती, वाढतं वजन: असं का होतं आणि काय करायचं?

मायग्रेनसाठी डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी लिहून दिली. दोन-तीन आठवड्यांत डोकं दुखणं थोडं कमी झालं, पण बोटांना मुंग्या यायला लागल्या. किंवा सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. गोळीचं नाव गूगल केलं, तर समोर आलं 'फिट्सचं औषध'. घाबरून गोळी बंद.

इथेच गडबड होते. साइड इफेक्ट बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो. पण मनाने गोळी सोडून पुन्हा पेनकिलरकडे वळलं, तर डोकेदुखीच वाढू शकते.

डोकेदुखीला फिट्सचं औषध का?

मायग्रेनची औषधं दोन प्रकारची असतात. एक, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची. दुसरी, अटॅक कमी यावेत म्हणून रोज घ्यायची.

रोजच्या गोळ्यांपैकी बऱ्याच मुळात दुसऱ्या आजारांसाठी बनल्या. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध. १९६० च्या दशकात ते अँजायनाच्या रुग्णांना दिलं जात असताना मायग्रेनही कमी होतो, हे लक्षात आलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी, तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट फिट्ससाठी आलं. म्हणजे डॉक्टरांनी चुकीची गोळी दिलेली नसते. पण ती डोक्यासोबत शरीरात इतर ठिकाणीही काम करते, म्हणून त्रास भलतीकडेच जाणवतो.

कोणत्या गोळीने काय होऊ शकतं?

- टोपिरामेट: हातापायांना मुंग्या, भूक कमी होणं, बोलताना नेमका शब्द न आठवणं. सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. किडनी स्टोनचा धोका असल्याने पाणी भरपूर प्यावं. काहींना घाम कमी येतो, त्यामुळे उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये जपावं.
- फ्लुनारिझिन: भारतात नेहमी लिहून दिलं जाणारं औषध. अमेरिकेत मात्र त्याला मंजुरी नाही. झोप, वजन वाढणं, उदास वाटणं. वयस्कर व्यक्तींमध्ये हात थरथरणं, हालचाली मंदावणं.
- प्रोप्रॅनोलॉल: थकवा, नाडी मंदावणं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.
- अमिट्रिप्टिलिन: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, सकाळी सुस्ती.
- व्हॅलप्रोएट: वजन वाढणं, केस गळणं.

टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएटमुळे गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. त्यामुळे मूल हवं असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर हा विषय पहिल्याच भेटीत काढा.

थांबायचं नाही, असं कधी?

पुढीलपैकी काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा:

- टोपिरामेट सुरू केल्यावर अचानक डोळा दुखणं किंवा अंधुक दिसणं
- धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं
- एर्गोटामिन असलेली गोळी घेतल्यावर बोटं थंड, निळसर किंवा बधिर होणं
- अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज
- जीव नकोसा वाटणं

गोळी अचानक बंद केली तर?

प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवलं तर धडधड वाढू शकते. हृदयविकार असेल तर छातीतही दुखू शकतं. अमिट्रिप्टिलिन सोडल्यावर मळमळ होते, झोप उडते. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. डोस कमी करणं, गोळी रात्री देणं किंवा औषध बदलणं, हे पर्यायही त्यांच्याकडे असतात. शिवाय या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात.

दुसरा धोका पेनकिलरचा. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा कॉम्बिनेशन गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा पत्ता घेणारे नेमके इथेच अडकतात.

मुंबईत कोणाकडे जायचं?

न्यूरोलॉजिस्टची तारीख लांबची असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरांना फोन करा. जुहूचं कूपर किंवा घाटकोपरचं राजावाडी अशा पालिका रुग्णालयांच्या मेडिसिन ओपीडीतही दाखवता येतं. जाताना गोळीचा पत्ता, सुरू केल्याची तारीख, डोस, त्रास कधीपासून आहे, महिन्यात किती पेनकिलर घेतल्या आणि इतर कोणती औषधं चालू आहेत, हे लिहून न्या.

साइड इफेक्टची नोंद सरकारकडेही करता येते. भारतात २०१० पासून 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया' सुरू आहे. त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः नोंद करू शकतो, फॉर्म मराठीतही मिळतो. त्रास त्याच औषधाने झाला हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरेसा असतो. मात्र ही नोंद म्हणजे उपचार नव्हे. त्यासाठी डॉक्टरांकडे जावंच लागेल.