दोडका संध्याकाळी उमलतो

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. परतूरकडे जाणारी वाहने येथे वळतात, एसटीची वाट पाहणारी माणसे टपरीच्या सावलीला उभी असतात आणि आजूबाजूला कापूस, सोयाबीन व तुरीची काळी रानं क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात. प्रवाशाच्या नजरेस न पडणारी गोष्ट घरांच्या मागे असते. तिला या भागात परडे म्हणतात.

परड्याला आराखडा नसतो. न्हाणीचे पाणी जिकडे वाहते तिकडे केळ आणि चमकुरा वाढतो. भिंतीच्या कोपऱ्यात शेवगा, त्याच्या आधाराने चढलेला वाल, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी आपणहून उगवलेली सदाफुली, आणि उकिरड्याच्या कडेने कुणीही न लावलेले टोमॅटो. पपई तर बहुधा पाखरांचीच देणगी असते. देशी पपईत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. फुले येईपर्यंत काही कळत नाही. वर्षभर वाढवलेले झाड नर निघाले की घरात थोडा हिरमोड होतो, पण शेजारच्या परड्यातील मादी झाडाला फळे धरतात ती त्याच्याच परागामुळे. एका घराने पाणी घालावे आणि दुसऱ्या घराने पपई खावी, असा हा हिशेब कुठल्याही वहीत बसत नाही.

अशा बागेतील प्रत्येक झाडामागे एखादे माणूस असते. जुईची काडी माहेरून आलेली असते. कढीपत्ता शेजारच्या काकूंच्या झाडाच्या मुळातून फुटलेल्या कोंबाचा. शेवग्याची फांदी आषाढाच्या तोंडावर कुणीतरी मित्राने खांद्यावरून आणून दिलेली. हातभर जाडजूड फांदी ओल्या मातीत रोवली की ती मूळ धरते, तिच्यासाठी रोपवाटिकेची पायरी चढावी लागत नाही. त्यामुळे परडे दाखवताना घरची बाई झाडांची नावे क्वचितच सांगते. ती माणसांची नावे सांगते.

आखीव बागेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा चरितार्थ कसा चालू शकतो, याची काटेकोर मांडणी केली होती. त्यांच्या विचाराचे बळ मात्र वाफ्यांच्या मापापेक्षा ‘प्रयोग परिवार’ या कल्पनेत अधिक होते. सामान्य शेतकऱ्यांनी आपापल्या जागी प्रयोग करायचे आणि जे उमगले ते एकमेकांना सांगायचे, ही ती कल्पना. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी ती शास्त्रीय पातळीवर नेली. परड्यातील बायका तेच काम भिंतीपलीकडून हाक मारून करीत आल्या आहेत, एवढेच.

श्रावणात परड्याला बहर येतो. एकाच मांडवावर दोडका आणि गिलके दोन्ही चढलेले असतात. दोघांची फुले पिवळी, पाने जवळजवळ सारखी. पण गिलक्याचे फूल सकाळी उमलते आणि दोडक्याचे संध्याकाळी. पहाटेनंतर गिलक्यावर मधमाश्या गुणगुणतात, तर दिवेलागणीच्या सुमारास दोडक्याकडे पतंग येऊ लागतात. या वेळांप्रमाणेच परड्यातील बैठकीही ठरलेल्या असतात. सकाळी पाणी भरून झाल्यावर दोघी-तिघी मांडवाखाली थांबतात. संध्याकाळी पुरुष मंडळी दुकान बंद करून किंवा शेतावरून परतून तिथेच बाजेवर टेकतात. ज्या जैन घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असते, तिथे त्या फुलांच्या वेळेला हात रिकामे असतात आणि गप्पांना सवड असते.

जैन घरच्या परड्याची एक निराळीच गंमत आहे. चातुर्मासात अनेक कुटुंबे पालेभाज्या वर्ज्य करतात. पावसाळ्यात पानापानांवर सूक्ष्म जीव असतात, हे त्यामागचे कारण. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात तर हिरवी भाजीच ताटात नसते. आणि निसर्गाचा नेम असा की, नेमका याच दिवसांत अंबाडी कमरेइतकी वाढते, तांदुळजा आपणहून उगवतो, चमकुऱ्याची पाने सुपाएवढी होतात आणि मांडवावरून गिलकी लोंबू लागतात. मालकाच्या घरी मूग, मटकी आणि बेसनाचे पदार्थ शिजत असतात. परड्यात मात्र माळवे मावेनासे होते. मग ते जाते कुठे? शेजारी, मित्रांकडे, शेतावर राबणाऱ्या गड्याच्या घरी. “भाभी, आज चमकुरा नेते हं,” असे म्हणून शेजारीण विळी घेऊन थेट परड्यात शिरते. विचारण्याची औपचारिकता असते, परवानगीची गरज नसते. त्यागाचा नेम एका घराचा आणि भाजीचा लाभ दुसऱ्या घराचा, ही व्यवस्था कुणी बसून ठरवलेली नाही.

उलट बाजूनेही देणे चालतेच. हळद आणि आले शेजारच्या परड्यात लावलेले असते, कारण जैन घरी ओला कंद चालत नाही. पण तीच हळद शिजवून वाळवली, आल्याची सुंठ झाली, की तिचा वाटा भिंत ओलांडून येतो. लसूण-कांद्याचा वाफा अर्थातच पलीकडेच राहतो. त्याविषयी कुणी रुसत नाही.

फवारणीचा पंप अशा परड्यात सहसा फिरत नाही. पानावर अळी दिसली तर काडीवर घेऊन ती कुंपणापलीकडच्या झुडपात सोडून दिली जाते. त्यामुळे काही भेंड्या किडतात, वालाची पाने जाळीदार होतात. पण बुलबुल, शिंपी आणि चिमण्या तिथेच वावरतात, आणि पुष्कळशी अळी त्यांच्या पोटात जाते. यात अहिंसेचा मोठा हिशेब मांडू गेल्यास उत्तर सरळ येणार नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आणि बियाण्याचा आहे. जालना जिल्ह्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही कधी दगा देईल याचा भरवसा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरच्या पाण्यावर घर चालते तेव्हा वेलांना कोण पाणी घालणार? अशा उन्हाळ्यात शेवगा पाने गाळून तग धरतो, कढीपत्ता काष्ठवत उभा राहतो. परंतु जुईची वेल जाते, आणि पुढच्या पेरणीसाठी गाडग्यात ठेवलेले बीही दोन वर्षे पेरले गेले नाही की त्याची उगवण कमी होते.

तेव्हा उपयोगी पडतात ते मित्र. आपल्या घरचा पांढरा वाल गेला, तरी पूर्वी दिलेला मूठभर वाल कुणाच्या तरी परड्यात, त्याच्या न्हाणीच्या पाण्यावर, तगलेला असतो. पावसाचे दोन दिवस झाले की तोच वाल पदराच्या गाठीत बांधून परत येतो. राखेत घोळवून गाडग्यात जपलेले बी जितक्या घरांत विखुरलेले, तितके ते सुरक्षित. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम देशाला दिसेल अशा रीतीने उभे केले. त्यांची गावरान बियाण्यांची घरगुती बँक आज सर्वांना ठाऊक आहे, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

योगायोग असा की, जालना ही देशातील बियाणे उद्योगाची एक राजधानीच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याने या भागातील शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवले, हे खरेच. मात्र संकरित वाणाच्या फळातून बी काढून पुढच्या वर्षी पेरले, तर मूळ गुण तसेच उतरत नाहीत. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. मैत्रिणीला मूठभर द्यावे असे त्यात काही उरत नाही. शेताला पाकीट आणि परड्याला गाडगे, अशी वाटणी म्हणूनच शहाणपणाची ठरते.

अलीकडे मात्र परडीच कमी होऊ लागली आहेत. घर बांधताना मागची जागा खोलीत जाते. उरली तर तिच्यावर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसतात, कारण चिखल नको आणि दाराशी गाडी उभी राहायला हवी. न्हाणीचे पाणी बंद गटारात जाते. चिखल कुणाला आवडतो? कुंड्या येतात, त्यांत शोभेची झाडे येतात, आणि ती दिसतातही नीटनेटकी. फक्त तिथे विळी घेऊन कुणी शेजारीण शिरत नाही.

ज्या घरांनी हातभर का होईना माती राखली आहे, तिथे कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो तेव्हा मांडवावर एक-दोन गिलकी मुद्दाम तोडायची ठेवलेली असतात. उन्हाने ती वाळतात, हलकी होतात, वाऱ्याने हलली की आत काळे बी खुळखुळते. त्यांतील एक उतरवून बी झाडून घेतले जाते. आतली जाळी न्हाणीघरात अंग घासायला जाते. बियांच्या तीन पुड्या बांधल्या जातात. एक घरच्या गाडग्यात. दुसरी भिंतीपलीकडे. तिसरी परतूरला दिलेल्या लेकीसाठी, दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या झालेल्या डब्यात.