डोक्यावरची गाठ काढली? मग ती फेकू नका, तपासणीला पाठवा!

डोक्यात, कानापुढं किंवा मानेवर हरभऱ्याएवढी गाठ आली की गावात दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, "चरबीची गाठ आहे, राहू दे." कुणी म्हणतं, "कॅन्सर तर नसंल?" पण या दोन्हींत न बसणाऱ्याही काही गाठी असतात. केसाच्या मुळापासून वाढणाऱ्या या गाठी सहसा निरुपद्रवी असतात. मात्र त्या क्वचितच दिसत असल्याने ओळखायला चूक होते.

त्यातली एक म्हणजे पायलोमॅट्रिकोमा. ती बहुतेक वेळा २० वर्षांच्या आतल्या मुला-मुलींना होते आणि हळूहळू वाढते. आत कॅल्शियम साठल्याने ती हाताला खड्यासारखी टणक लागते. एका कडेला दाबलं की तराजूच्या पारड्यासारखी दुसरी कडा वर येते. कधी वरची कातडी निळसर दिसते.

दुसरी ट्रायकोएपिथेलिओमा. नाकाच्या आजूबाजूला कातडीच्याच रंगाच्या बारीक, कडक पुटकुळ्या येतात. त्या भरपूर असतील तर बऱ्याचदा एकाच घरातल्या अनेकांना असतात. त्वचेच्या एका कॅन्सरशी त्यांचं इतकं साम्य असतं की नुसतं बघून सांगणं अवघड.

मग खात्री कशी करायची?

सोनोग्राफीत गाठ किती खोल आहे, आत कॅल्शियम आहे का, ते कळतं. सुई घालून केलेली तपासणी उपयोगी पडते, पण कधी फसवतेही. पायलोमॅट्रिकोमात सुईला फक्त वाढत्या पेशी लागल्या तर कॅन्सरचा संशय येऊ शकतो. म्हणून तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. गाठ पूर्ण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की वाढत्या पेशींसोबत केंद्रक नसलेल्या 'सावली पेशी' दिसतात. तीच पायलोमॅट्रिकोमाची खूण. गाठ पूर्ण निघाली तर ती सहसा पुन्हा येत नाही.

हे लक्षात ठेवा

• गाठीला बिब्बा, चुना लावू नका; डाग देऊ नका, फोडू नका.

• काढलेली गाठ लॅबला तुम्हालाच न्यायची असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या फॉर्मॅलिनच्या बाटलीतच न्या. साध्या पाण्यात ती खराब होते.

• रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि जपून ठेवा.

• गाठ झपाट्यानं वाढली, रक्त आलं, जखम भरेना किंवा काढलेली गाठ परत आली, तर थांबू नका. लगेच सर्जन किंवा त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा.