लहान तोंडी मोठा घास

२२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरलं आणि न थांबता पलीकडच्या दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं दगावली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने दिलेला अहवाल यंत्रांपेक्षा माणसांच्या वागण्याबद्दल जास्त बोलतो. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपलेले होते. उतरताना विमान जितक्या उंचीवर असायला हवं होतं त्यापेक्षा बरंच वर राहिलं, आणि आठ हजार फुटांच्या धावपट्टीतले पाच हजारांहून अधिक फूट मागे पडल्यावर चाकं जमिनीला टेकली. हे सारं शेजारच्या खुर्चीवरच्या सहवैमानिकाला दिसत होतं. उतरणं सोडून विमान पुन्हा वर घ्या, असं त्याने तीनदा सांगितलं. कॉकपिटमधली इशारा देणारी यंत्रणाही ओरडत होती. कॅप्टननी ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने विमान स्वतःच्या हातात घेतलं नाही. तसं करायचा अधिकार त्याला नेमका केव्हा आहे याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या, म्हणून बहुधा तो थांबला असावा, असं मंडळाने नोंदवलं आहे.

संघभावना आणि नेतृत्व या विषयावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांचे ढीग आहेत. पण त्यातलं खरं शिकायचं असेल तर विमान अपघातांचे अहवाल वाचावेत. कारण इतर बहुतेक कामांत अखेरच्या अर्ध्या तासात कोण काय बोललं याचं ध्वनिमुद्रण हाती लागत नाही. हे अहवाल एकामागून एक वाचले की एक गोष्ट ठळक होत जाते. संघ मोडतो तो बहुतेकदा माणसांचं आपसात पटत नाही म्हणून नव्हे. खालच्याला दिसलेला धोका वरच्यापर्यंत वेळेत आणि पुरेशा जोराने पोचत नाही, म्हणून मोडतो. तो पोचण्याची वाट मोकळी ठेवणं हे नेत्याचं पहिलं काम, बाकीची कामं त्यानंतरची.

इतिहासातला सर्वांत मोठा विमान अपघात याच वाटेवर घडला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचे कॅप्टन साधे वैमानिक नव्हते. कंपनीत जंबो चालवायला शिकवणाऱ्यांचे ते प्रमुख होते, जाहिरातीत त्यांचं छायाचित्र झळकत होतं, आणि शेजारच्या सहवैमानिकाला या विमानासाठी लायक ठरवणारेही तेच होते. कॅप्टननी इंजिनाचा जोर वाढवायला घेतला तेव्हा, अजून परवानगी आलेली नाही, असं सहवैमानिकाने त्यांना टोकलं. काही क्षणांनी कॅप्टन पुन्हा निघाले, तेव्हाही उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. पण या वेळी तो बोलला नाही. मग मागे बसलेल्या उड्डाण अभियंत्याने विचारलं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? झालं आहे, असं ठाम उत्तर मिळालं, आणि प्रश्न तिथेच संपला. धुकं, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश, कामाच्या तासांची मर्यादा संपत आल्याची घाई, अशी या अपघाताची कारणं अनेक आहेत. पण त्या प्रश्नाचं रूप पाहा. ‘थांबा’ म्हणायच्या जागी माणूस शंका विचारतो, आणि तीही वरिष्ठाला नाही म्हणणं सोपं जाईल अशा शब्दांत. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही कचेरीत ही भाषा रोज ऐकू येते. ‘सर, एकदा बघून घ्यायचं का?’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘सर, हे चुकतंय’ दडलेलं असतं.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते आणि विमान तासभर घिरट्या घालत होतं. इंधन उतरत चालल्याची सहकाऱ्यांना कल्पना होती, ते आडून आडून सांगतही होते. दहा माणसं गेली. चौकशीनंतर अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेली शिफारस दुहेरी होती: कॅप्टनना सहकाऱ्यांना सामावून घ्यायला शिकवा, आणि सहकाऱ्यांना ठामपणे बोलायला शिकवा. नासाने १९७९ मध्ये या विषयावर परिषद भरवली, १९८१ पासून युनायटेडने प्रशिक्षण सुरू केलं, आणि ते पुढे जगभर अनिवार्य झालं. आज वैमानिक त्याला सीआरएम म्हणतात. त्यात एकमेकांवर प्रेम करा असं कुणी शिकवत नाही. एकमेकांना ओळखतही नसलेली दोन माणसं सकाळी भेटतात आणि तासाभरात दीडशे जीव घेऊन उडतात, त्यांच्यात मैत्री व्हायला वेळच कुठे असतो?

इथे आपल्याकडे हमखास येणारा आक्षेप असा की हे पाश्चात्त्यांना जमेल. आपल्या रक्तात वडीलधाऱ्यांचा मान आहे, लहान तोंडी मोठा घास आपण घेऊ देत नाही. गीर्त हॉफ्स्टेड या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून वरिष्ठ-कनिष्ठ अंतराचे गुण काढले, त्यात भारत बराच वर आहे हे खरं. पण त्याच यादीत नेदरलँड्स आणि अमेरिका खालच्या बाजूला आहेत, आणि टेनेरिफचे कॅप्टन डच होते, पोर्टलंडचे अमेरिकी. मंगळूरचे कॅप्टन तर सर्बियन होते. म्हणजे मान तुकवणं ही एखाद्या संस्कृतीची खासियत नाही. अधिकाराची उतरंड जिथे तीव्र, तिथे ते उगवतं. आणि ते बदलताही येतं. १९९७ मध्ये ग्वामला २२८ बळी घेणाऱ्या अपघातासह अनेक अपघातांनी बदनाम झालेल्या कोरियन एअरने डेल्टा कंपनीतला माणूस आणून प्रशिक्षण मुळापासून बदललं. देश तोच राहिला, सुरक्षेची कामगिरी मात्र पालटली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संकटात एकाचाच हुकूम चालला पाहिजे, प्रत्येकाचं मत विचारत बसलं तर विमान पडेल. हे बरोबरच आहे, आणि सीआरएम याच्या विरुद्ध काही सांगत नाही. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या एका डीसी-१० विमानाचं मागचं इंजिन फुटलं आणि नियंत्रणाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम निकामी झाल्या. असं होऊच शकत नाही असं समजून त्यासाठी कुठली कार्यपद्धतीही लिहिलेली नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं, इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले, आणि चौघांनी मिळून केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. या प्रसंगाबद्दल आपल्यालाही इतरांहून जास्त काही ठाऊक नव्हतं, असं हेन्स पुढे मोकळेपणाने सांगत. पण निर्णय अखेर त्यांचाच होता, तो त्यांनी कुणाला वाटून दिला नाही. माहिती चारी बाजूंनी येऊ देणं आणि निर्णय एकाने घेणं यांत विरोध नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळ साहेबांना अजून पटायचं आहे. प्रश्न विचारला की अधिकाराला आव्हान दिलं, असं त्यांना वाटतं आणि ते भोवती होयबा जमवतात.

रुग्णालयांचा पुरावा जरा वेगळा आणि मला अधिक विचारात पाडणारा आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकात परिचारिकांचे गट तपासले. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती; नोंदी पाहिल्या तर त्यांच्यात चुका जास्त. तिने लावलेला अर्थ असा की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. ज्या खात्यातून वर्षभर एकही तक्रार येत नाही, त्याचा सत्कार करण्याआधी वरिष्ठांनी हे लक्षात घ्यावं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी वाचायची एक यादी तयार केली, त्यात चाकू लावण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं असतं. २००९ मध्ये दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं होतं. एकदा नाव उच्चारलेला कनिष्ठ माणूस पुढे तोंड उघडायला कमी कचरतो, हा त्यामागचा एक विचार.

मग सगळीकडे याद्या लावल्या की झालं? नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तशीच यादी सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, आणि मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक आढळला नाही. वरून आलेला कागद म्हणून खुणा करायच्या आणि पुढे जायचं, असं झालं की यादी मुकी होते. आपल्याकडचं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. ७ ऑगस्ट २०२० ला, त्याच एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून घसरलं आणि २१ जण दगावले. पाऊस होता, कारणंही अनेक होती. पण चौकशी अहवालात पुन्हा तेच आहे: सहवैमानिकाने विमान वर घ्यायला सांगितलं, कॅप्टन उतरले, सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, आणि दोघांमधली अधिकाराची उतरंड तीव्र होती. मधल्या दहा वर्षांत प्रशिक्षण झालं नव्हतं असं नाही. वर्गात बोलायला शिकवलेला कनिष्ठ माणूस प्रत्यक्षात बोलतो तो मागच्या वेळी बोलणाऱ्याचं काय झालं, हे पाहून.

म्हणूनच मुंबई-पुण्याच्या कंपन्या लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस नेऊन रस्सीखेच आणि डोळे मिटून मागे पडण्याचे खेळ खेळवतात, त्याने संघ बांधला जातो यावर माझा विश्वास नाही. सहलीला हरकत नाही, माणसं हसतात, जेवतात, बरं वाटतं. पण सोमवारच्या बैठकीत साहेब आधी स्वतःचं मत सांगतात आणि मग ‘कुणाला काही बोलायचंय का?’ विचारतात, तेव्हा रविवारची मैत्री उपयोगी पडत नाही. कचेरीत विमान पडत नाही, असं यावर कुणी म्हणेल. खरं आहे, तिथे चुकलेला निर्णय दोन वर्षांनी तोट्याच्या रूपाने येतो आणि कुणी काय सांगितलं होतं याची नोंद कुठेच नसते, त्यामुळे तो पुन्हा घेता येतो.

तुम्ही कुणाचे वरिष्ठ असाल तर तीन गोष्टी करून पाहा. बैठकीत स्वतः शेवटी बोला. काम थांबवायचा अधिकार कनिष्ठाला केव्हा आहे, ते संदिग्ध न ठेवता लेखी द्या. आणि कुणी खोटी धोक्याची घंटा वाजवली, तरी त्याचे सर्वांसमोर आभार माना.